दोन एजॅक्स: थोरला कोण, धाकटा कोण?

ट्रॉयच्या युद्धाच्या गोष्टी वाचताना एका जागी हमखास घोटाळा होतो. एजॅक्स नावाचा योद्धा जहाजांसमोर भिंतीसारखा उभा राहतो, पुढे कुठेतरी तोच म्हणे देवळात शिरून ट्रॉयची राजकन्या कॅसँड्रा हिला फरपटत नेतो, मग तलवारीवर पडून जीव देतो आणि परतीच्या वाटेवर समुद्रात बुडूनही मरतो. एकाच माणसाला दोन मरणं कशी येतील? माणसं दोन आहेत, नाव तेवढं एक. थोरला आणि धाकटा म्हणायची पद्धत असली तरी हे भाऊ नाहीत, नात्यातलेही नाहीत. थोरला सॅलमिस बेटावरचा, टेलॅमॉनचा मुलगा. धाकटा मध्य ग्रीसमधल्या लोक्रिसचा, ओइलियसचा मुलगा.

गंमत अशी की होमरच्या इलियड या महाकाव्याच्या दुसऱ्या सर्गात जहाजांची यादी येते, तिथे धाकट्याच्या नावावर ४० जहाजं आहेत आणि थोरल्याच्या नावावर फक्त १२. म्हणजे थोरलेपण सैन्याचं नव्हे, शरीराचं आणि वकुबाचं. थोरला बाकीच्या ग्रीकांपेक्षा डोकं-खांदे वर दिसतो. त्याची ढाल सात बैलांच्या कातड्यांची, वर आठवा थर काशाचा. ती बनवणाऱ्या टायकियस या कारागिराचं नावसुद्धा कवीनं नोंदवून ठेवलंय. धाकटा चणीनं लहान, अंगात तागाचं चिलखत, पण भालाफेकीत पटाईत. त्याचे लोक्रियन सैनिक ढाल-भाला घेऊन समोरासमोर भिडणारे नव्हेत. ते मागे राहून धनुष्य आणि गोफणी चालवतात.

माझ्या मते दोघांमधला खरा फरक पायांत आहे. थोरला उभा राहतो, धाकटा धावतो. पंधराव्या सर्गात ट्रॉयचं सैन्य जहाजांना आग लावायला येतं, तेव्हा थोरला बावीस हात लांब भाला घेऊन एका जहाजावरून दुसऱ्या जहाजावर ढांगा टाकत त्यांना अडवतो. ग्रीकांचा सर्वश्रेष्ठ योद्धा अकिलीस याच्या मित्राचं, पॅट्रोक्लसचं, प्रेत ग्रीक उचलून नेतात तेव्हा मागून येणाऱ्यांना थोपवण्याचं काम त्याचंच. तिथे मात्र धाकटाही त्याच्या जोडीला असतो. याच लढाईत रणावर अंधार दाटतो आणि थोरला देवांचा राजा झ्यूस याला म्हणतो, मारायचंच असेल तर मार, पण उजेडात मार. संपूर्ण इलियडमध्ये त्याला एकही जखम होत नाही. चतुर ग्रीक वीर ओडिसियसला अथीना ही देवी आहे, तसा याला खास आपला म्हणावा असा देवही नाही. धाकट्याची खासियत चौदाव्या सर्गाच्या शेवटी कळते. शत्रू पळत सुटला की त्याला गाठून मारण्यात त्याच्या तोडीचा कुणी नाही. दोन्ही कामं युद्धात लागतात, हे खरं. पण कवीचा ओढा कुणाकडे आहे ते लपत नाही.

तेविसाव्या सर्गातली धावण्याची शर्यत बघा. धाकटा पुढे आहे, ओडिसियस मागून अथीनेचा धावा करतो आणि देवी धाकट्याचा पाय घसरवते. तोही कुठे, तर पॅट्रोक्लसच्या अंत्यविधीसाठी कापलेल्या बैलांच्या शेणात. नाकातोंडात शेण गेलेलं, बक्षिसाच्या बैलाचं शिंग हातात आणि थुंकत थुंकत हा तक्रार करतो की ती देवी ओडिसियसच्या मागे आईसारखी उभी असते! सगळे खो खो हसतात. आधी रथांच्या शर्यतीत प्रेक्षक म्हणून बसलेला असताना त्यानं क्रीटचा राजा इडोमेनियस याच्याशी उगाच भांडण उकरलेलं असतंच.

मग गोंधळ मुळात होतो कशामुळे? थोडा दोष व्याकरणाचा. होमरच्या ग्रीकमध्ये संस्कृतसारखंच द्विवचन आहे आणि ‘दोघे एजॅक्स’ असा प्रयोग वारंवार येतो. शाळेत संस्कृत घेतलेल्यांना ‘पितरौ’ आठवत असेल. रूप पित्याचं, अर्थ आईवडील. स्विस भाषाशास्त्रज्ञ याकोब वाकरनागेल यांनी १८७७ मध्ये सुचवलं की ‘दोघे एजॅक्स’सुद्धा मुळात याच जातीचं असावं, म्हणजे एजॅक्स आणि त्याचा सावत्र भाऊ ट्यूसर. पुढच्या गायकांना हा जुना प्रयोग उमगेनासा झाला आणि दुसरा एजॅक्स त्या जोडीत येऊन बसला. तेराव्या सर्गात याचा माग लागतो. ट्रॉयच्या बाजूच्या इम्ब्रियसला मारतो ट्यूसर, प्रेत उचलतात ‘दोघे एजॅक्स’ आणि एकदम पुढे येऊन त्याचं मुंडकं चेंडूसारखं भिरकावतो तो धाकटा. सगळ्या अभ्यासकांना हे पटतं असं नाही, मला पटतं.

दोघांचा शेवट मात्र खरोखरच एकमेकांत मिसळण्याजोगा आहे, कारण दोन्हीकडे अथीना आहे. अकिलीस मेल्यावर त्याची शस्त्रं ओडिसियसला मिळतात आणि थोरल्याला तो अपमान सोसवत नाही. ग्रीक नाटककार सोफोक्लीसच्या नाटकात अथीना त्याची बुद्धी फिरवते, तो सेनापती समजून गुरंढोरं कापतो आणि शुद्धीवर आल्यावर लाजेनं जीव देतो. तलवार ट्रॉयचा राजपुत्र हेक्टर याची, द्वंद्वानंतर भेट मिळालेली. धाकट्याची गोष्ट वेगळी. कॅसँड्रानं अथीनेच्या मूर्तीला मिठी मारलेली असताना तो तिला ओढून काढतो. होमरच्याच ओडिसी या महाकाव्याच्या चौथ्या सर्गात समुद्रदेव पोसायडन त्याचं जहाज फोडतो, पण त्याला खडकावर वाचवतोही. तेवढ्यात हा बढाई मारतो की देवांच्या नाकावर टिच्चून मी वाचलो. पोसायडन त्रिशूळानं तो खडकच दुभंगतो.

इथे एक खोच आहे. देवांशिवाय जिंकेन, अशी बढाई सोफोक्लीसनं थोरल्याच्याही तोंडी घातलीय. पण इलियडमधला थोरला हेक्टरशी झुंजायला निघताना सैन्याला झ्यूसची प्रार्थना करायला सांगतो. धाकट्याचा उद्दामपणा पुढच्या काळात थोरल्याला चिकटला की काय, अशी मला शंका येते.

चित्रं ओळखायला सोपी आहेत. अकिलीससोबत पटावर खेळणारा किंवा जमिनीत तलवार रोवणारा थोरला. मूर्तीपाशी बाईला ओढणारा धाकटा. ॲमस्टरडॅमच्या फुटबॉल क्लबच्या चिन्हावरचा चेहरा थोरल्याचा.

मरणानंतर मानपान दोघांनाही मिळाला. इसवी सनपूर्व ४८० मध्ये सॅलमिसच्या आरमारी लढाईआधी ग्रीकांनी थोरल्याला मदतीला बोलावलं आणि जिंकल्यावर शत्रूच्या, म्हणजे इराणी, आरमारातलं फिनिशियनांचं एक जहाज त्याला अर्पण केलं. धाकट्याच्या पापासाठी लोक्रिसच्या लोकांनी पिढ्यान् पिढ्या आपल्या मुली इलियनच्या, म्हणजे ट्रॉयच्या, अथीनेच्या देवळात सेवेला पाठवल्या, असं परंपरा सांगते. तरीही इसवी सनपूर्व चौथ्या शतकात त्यांनी नाणी पाडली, तेव्हा त्यांवर ढाल घेऊन झेपावणारा योद्धा म्हणून कोरला तो हाच धाकटा.