लाकूड कुजतंय? आधी पाणी शोधा

चौकट खालून पोकळ झाली किंवा तुळईला भेग गेली की आम्हा सुतारांना फोन येतो तो बहुधा एकाच वाक्याने : "मिस्त्री, वाळवी लागलीय, औषध मारून द्या." जाऊन बघावं तर वाळवीचा पत्ता नसतो, लाकूड कुजलेलं असतं. वाळवीच्या औषधाने कुजणं थांबत नाही, पैसे तेवढे जातात.

सोलापुरात लाकूड कुजेल कसं?

उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, पाऊस बेताचा, त्यामुळे हा प्रश्न साहजिक आहे. लाकूड कुजवते ती बुरशी, आणि तिला लाकडात साधारण २० टक्क्यांच्या वर ओल लागते. आपल्या हवेत कोरडं राहिलेलं लाकूड त्याच्या बरंच खाली असतं. तेव्हा कुजलेलं लाकूड दिसलं की समजावं, कुठून तरी पाणी मुरतंय आणि सतत मुरतंय. हे पाणी पावसाचंच असतं असं नाही. पुष्कळदा आपणच साठवलेलं असतं. नळाला काही दिवसांआड पाणी, म्हणून घरोघरी टाक्या आणि बॅरल. पाणी सुटलं की गच्चीवरची टाकी भरून वाहते, मोरीतलं बॅरल भरून वाहतं, आणि मोरीच्या दाराची चौकट तेवढा वेळ पाण्यात उभी.

दुसरं कारण कूलर. शुक्रवार पेठेत एका काकूंच्या खिडकीला दर मार्चमध्ये कूलर बसायचा. खालच्या लाकडावर ऑइलपेंट चकचकीत, वरून काही कळत नव्हतं. दाभण टेकवलं आणि जरा दाबलं, तर मुठीपर्यंत आत गेलं. रंगाचा पापुद्रा काढल्यावर आतून छोटे चौकोनी तुकडे सुटून आले, बोटांत चुरडले तर तपकिरीसारखी पूड. काकू म्हणाल्या, "मागच्याच वर्षी रंग दिला होता की हो!" त्या रंगानेच आतली ओल कोंडून ठेवली होती.

नेमकं काय झालंय ते ओळखा

वाळवी असेल तर भिंतीवर मातीच्या नळ्या दिसतात आणि पोखरलेल्या लाकडात माती भरलेली असते. टाचणीच्या डोक्याएवढी गोल भोकं आणि खाली पिठासारखा भुसा, तर तो भुंगेरा. कुजलेल्या लाकडाला आडव्या-उभ्या भेगा जाऊन चौकोन पडतात, रंग गडद तपकिरी होतो, वजन घटतं. कधी उलट ते पांढरट पडून तंतू-तंतू होतं. ठोकलं तर भद्द आवाज येतो. जागेला कुबट वास असतो. ओल्या लाकडावर वाळवीही धावून येते, म्हणून दोन्ही एकाच चौकटीत सापडलं तर नवल नाही.

'ड्राय रॉट' म्हणजे कोरडी कूज, तिच्याबद्दल वाचून काही जण धास्तावून येतात. ती सर्पुला नावाची बुरशी थंड हवेतली. युरोपातल्या जुन्या घरांत तिचे धागे भिंतीतून पुढे सरकत कोरड्या लाकडापर्यंत पोचतात. २० अंशांच्या आसपास ती फोफावते. सोलापूरचा उन्हाळा तिला सोसणारा नाही. आपल्याकडची कूज सहसा ओलीच्या जागेपुरती असते.

माळवदाचं घर असेल तर

लाकडी तुळयांवर मातीचं सपाट छत असलेल्या या घरात मात्र हयगय नको. तुळईचं भिंतीत गेलेलं टोक डोळ्यांना दिसत नाही आणि कूज तिथूनच सुरू होते. टोकाशी भिंतीवर तपकिरी ओघळ, छतातून माती गळणं, मधल्या खणाला आलेलं पोट, ही लक्षणं. पूर्वी पावसाआधी माळवदावर पांढऱ्या मातीचा थर द्यायचे, पन्हाळी साफ करायचे. आता वर सिमेंटचा कोबा टाकतात. त्याला केसाएवढी चीर गेली की पाणी आत शिरतं, पण वाळायला वाट उरत नाही. मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा दिला तरी हेच होतं. अशी तुळई धीरा (खालून टेकू) दिल्याशिवाय कुणालाही उकरू देऊ नका, आम्हालाही नाही.

आम्ही काय करतो

पहिल्यांदा गळती बंद. ती नळाची असेल तर आधी प्लंबर बोलवा, आमचं काम नंतर. मग लाकूड वाळू द्यायचं, ओल मोजायच्या मीटरवर आकडा उतरेपर्यंत. कुजलेला भाग कापताना पुढचं चांगलं दिसणारं थोडं लाकूडही काढतो, तिरका जोड देऊन जुन्या सागाचा तुकडा बसवतो. तुकडा गाभ्याचा लागतो. कडेचा पांढरा भाग सागाचा असला तरी कुजतो. लाकडाला बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडचं पाणी पाजतो. हे औषध पाण्यात विरघळणारं, त्यामुळे पुन्हा भिजलं तर धुऊन जाणार. तुळईचं टोक गेलं असेल तर लोखंडी चॅनलचा आधार देता येतो. त्यासाठी अख्खं माळवद उतरवून स्लॅब टाकायची गरज नेहमी नसते, जरी स्लॅबच्या कामात पैसे जास्त मिळतात.

मोरीच्या दाराची चौकट दुसऱ्यांदा कुजली असेल तर लाकडाचा हट्ट सोडा आणि ग्रॅनाइटची बसवा. हे सुतारानेच सांगावं लागतंय.

आम्ही येईपर्यंत त्या जागेवर रंग, लांबी (पुट्टी), गिलावा काही लावू नका. आणि जमलं तर नळाला पाणी यायच्या दिवशीच बोलवा. कुठून झिरपतंय ते टाकी भरतानाच दिसतं.