जोडणी का अडते? लॅपटॉपच्या बिनतारी उपकरणांमागचा इतिहास

लॅपटॉपला बिनतारी माउस, कीबोर्ड किंवा हेडफोन जोडताना अडचण आली की ठरावीक उपाय सुचवले जातात: उपकरण यादीतून काढून पुन्हा जोडा, डोंगल (माउसबरोबर येणारा यूएसबीचा लहान रिसीव्हर) दुसऱ्या पोर्टमध्ये लावून पाहा, राउटरच्या ५ गिगाहर्ट्झच्या वारंवारता-पट्ट्यावर जा, लॅपटॉप बंद करून चालू करा. हे उपाय पुष्कळदा लागू पडतात, परंतु ते का लागू पडतात हे क्वचितच सांगितले जाते, आणि त्यामुळे पहिला उपाय फसला की पुढे कुठे पाहायचे हे कळत नाही. वास्तविक यांतल्या जवळपास प्रत्येक उपायाचे मूळ गेल्या चार दशकांत कधीतरी घेतलेल्या एखाद्या तांत्रिक निर्णयात सापडते. तो निर्णय त्या काळी बहुधा योग्यच होता. त्याची किंमत मात्र आज जोडणी करणाऱ्याला मोजावी लागते.

रेडिओलहरींच्या आधी प्रकाशाचा प्रयोग झाला. आयबीएमने नोव्हेंबर १९८३ मध्ये जाहीर केलेल्या पीसीज्युनियर या घरगुती संगणकाचा कीबोर्ड अवरक्त किरणांनी चालत असे. एकाच खोलीत असे दोन संगणक असले, तर एकाच्या कीबोर्डचे संकेत दुसऱ्यापर्यंत पोहोचत, आणि म्हणून कीबोर्ड तारेने जोडण्याची सोयही ठेवावी लागली. पुढे १९९३ मध्ये आयआरडीए ही संघटना स्थापन झाली, तिने अवरक्त जोडणीचे समान नियम घालून दिले, आणि त्या दशकातल्या अनेक लॅपटॉपांच्या कडेला एक लहानशी गडद लाल काच दिसू लागली. तिच्यातून सुरुवातीला सेकंदाला ११५ किलोबिट आणि नंतर ४ मेगाबिटपर्यंत माहिती जाऊ शके. अंतर साधारण एक मीटर, आणि मध्ये हात आला तरी जोडणी तुटे. ही पद्धत मागे पडली हे खरे, परंतु तिचा एक गुण आपण आज विसरलो आहोत. दोन उपकरणे समोरासमोर ठेवणे हीच त्यांची ओळख होती आणि तीच परवानगीही होती. रेडिओलहरी भिंतीपलीकडे जातात, त्यामुळे तिथे कोणी कोणाशी बोलायचे हे वेगळे ठरवावे लागते. पेअरिंग नावाचा सगळा खटाटोप या एका फरकातून जन्माला आला.

रेडिओलहरींचा मार्ग खुला झाला तो ९ मे १९८५ रोजी. अमेरिकेच्या एफसीसी या संपर्क नियामक संस्थेने त्या दिवशी तीन वारंवारता-पट्टे परवान्याशिवाय वापरण्यास मुभा दिली. मायकेल मार्कस हे तिथले अभियंता या निर्णयामागे होते. हे पट्टे नव्याने शोधलेले नव्हते. १९४७ च्या आंतरराष्ट्रीय परिषदेपासून ते उद्योग, विज्ञान आणि वैद्यक यांतल्या तापवण्याच्या यंत्रांसाठी बाजूला ठेवलेले होते, आणि मायक्रोवेव्ह ओव्हन त्यांतल्याच २.४५ गिगाहर्ट्झच्या आसपास चालतो. संदेशवहनाच्या दृष्टीने ही गोंगाटाची, टाकाऊ जागा होती. म्हणूनच ती कोणाला परवान्याने विकलेली नव्हती आणि म्हणूनच ती मोकळी करता आली. मुख्य अट अशी होती की संकेत एकाच वारंवारतेवर न ठेवता पसरवून पाठवावा, म्हणजे एका उपकरणाचा दुसऱ्याला उपद्रव कमी होईल. या तिन्हींपैकी २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा जगभर जवळपास सारखाच उपलब्ध झाला, आणि एकच उपकरण सर्व देशांत विकू पाहणारे सगळे निर्माते साहजिकच तिथे गोळा झाले. आज राउटर, माउस, हेडफोन आणि शेजाऱ्याचे राउटर एकमेकांच्या आड येतात याचे मूळ कारण हेच आहे.

संकेत पसरवण्याच्या संदर्भात अभिनेत्री हेडी लमार आणि संगीतकार जॉर्ज अँथाइल यांच्या १९४२ च्या पेटंटचा उल्लेख नेहमी केला जातो. पाणतीराला दिलेले रेडिओसंकेत शत्रूला अडवता येऊ नयेत म्हणून ८८ वारंवारतांमध्ये उड्या मारत राहण्याची ती कल्पना होती आणि ती खरोखर कल्पक होती. मात्र ब्लूटूथ किंवा वाय-फाय थेट त्या पेटंटातून निघाले, असे म्हणणे मला अतिशयोक्त वाटते. वारंवारता बदलत राहण्याचा विचार त्याआधीही मांडला गेला होता, आणि वाय-फायने तर पुढे वेगळीच पद्धत स्वीकारली.

वाय-फायची कथा पुष्कळांना माहीत असल्याने ती थोडक्यात सांगतो. दुकानांतली गल्लायंत्रे बनवणाऱ्या एनसीआर कंपनीला ती यंत्रे तारेशिवाय जोडायची होती. तिच्या नेदरलँड्समधल्या न्यूवेखाइन येथील चमूने ते काम केले, आणि त्याच चमूतले विक हेस १९९० पासून आयईईई या अभियंत्यांच्या संस्थेच्या ८०२.११ या मानक-समितीचे अध्यक्ष होते. पहिले मानक १९९७ मध्ये आले, वेग सेकंदाला जेमतेम २ मेगाबिट. १९९९ मध्ये तो ११ मेगाबिटवर गेला, त्याच वर्षी ॲपलने आपल्या आयबुक लॅपटॉपमध्ये ही सोय पर्याय म्हणून दिली, आणि २००३ मध्ये इंटेलने सेंट्रिनो या लॅपटॉपसाठीच्या चिपसंचाच्या रूपाने ती लॅपटॉपचे सर्वसाधारण अंग केली. ५ गिगाहर्ट्झवरचे मानकही १९९९ चेच आहे, परंतु दोन्ही पट्टे एकाच उपकरणात सर्रास मिळू लागले ते २००९ च्या ८०२.११एन नंतर. २.४ गिगाहर्ट्झमध्ये एकमेकांवर न चढणारे वाय-फायचे फक्त तीन चॅनेल बसतात: १, ६ आणि ११. त्यामुळे राउटर ५ गिगाहर्ट्झवर नेला की इंटरनेटचा वेग तर सुधारतोच, शिवाय ब्लूटूथचा माउसही अडखळायचा थांबतो. उलट अनेक जुने प्रिंटर केवळ २.४ गिगाहर्ट्झच ओळखतात, आणि राउटरवर केवळ डब्ल्यूपीए३ ही २०१८ ची सुरक्षापद्धत चालू असेल तर त्याआधीची उपकरणे बरोबर पासवर्ड देऊनही जोडली जात नाहीत.

ब्लूटूथकडे अधिक सावकाश पाहायला हवे, कारण लॅपटॉपच्या जोडणीतल्या बहुतेक तक्रारी त्याच्याच असतात. एरिक्सन कंपनीच्या स्वीडनमधल्या लुंड येथील केंद्रात १९९४ मध्ये याप हार्टसेन यांनी मोबाइल आणि त्याची पूरक उपकरणे यांच्यातली तार काढून टाकण्याचे काम हाती घेतले. पुढच्या वर्षी स्वेन मॅटिसन त्यांना येऊन मिळाले. १९९८ मध्ये एरिक्सन, आयबीएम, इंटेल, नोकिया आणि तोशिबा यांनी एकत्र येऊन संघटना काढली. दहाव्या शतकातला डेन्मार्कचा राजा हॅरल्ड ब्लूटूथ याचे नाव इंटेलच्या जिम कार्डाक यांनी तात्पुरते म्हणून सुचवले होते, तेच टिकले. एक गोष्ट इथे ध्यानात ठेवावी: ही यंत्रणा मुळात मोबाइलसाठी, कमी बॅटरीत आणि स्वस्तात चालण्यासाठी बेतलेली होती. लॅपटॉप तिचा दुय्यम ग्राहक होता.

गोंगाटाच्या पट्ट्यात टिकून राहण्यासाठी ब्लूटूथने वारंवारता बदलत राहण्याचा मार्ग धरला. पट्ट्याचे ७९ चॅनेल पाडले आणि जोडलेल्या दोन उपकरणांनी ठरलेल्या क्रमाने सेकंदाला १६०० वेळा चॅनेल बदलायचे, अशी रचना केली. जोडलेल्यांना हा क्रम ठाऊक असतो. न जोडलेल्यांना नसतो. म्हणून नवे उपकरण शोधताना लॅपटॉपला अंदाजाने हाक मारत राहावे लागते, समोरच्याने नेमके त्याच वेळी त्याच चॅनेलवर कान दिलेला असावा लागतो, आणि जुन्या पद्धतीत या शोधाला दहा सेकंदांपर्यंत वेळ द्यावा असे मानकच सांगते. यादीत नाव लगेच आले नाही म्हणून शोध चार-पाच सेकंदांत थांबवून पुन्हा सुरू करणारा माणूस स्वतःचेच काम लांबवत असतो. शिवाय बॅटरी आणि सुरक्षितता या दोन्हींसाठी उपकरण एरवी नव्या हाकेला उत्तर देत नाही. ते चालू असणे वेगळे आणि पेअरिंगच्या अवस्थेत असणे वेगळे. दिवा लुकलुकेपर्यंत बटण दाबून धरायला सांगतात ते यासाठी.

पेअरिंग म्हणजे दोन उपकरणांनी मिळून एक गुप्त किल्ली तयार करणे आणि ती आपापल्याकडे, समोरच्याच्या पत्त्यासमोर (म्हणजे त्या उपकरणाच्या ओळखक्रमांकासमोर), नोंदवून ठेवणे. सुरुवातीच्या आवृत्त्यांत ही किल्ली दोन्हीकडे टाकलेल्या पिनवर बेतलेली असे, आणि ज्या हेडसेटला कळाच नव्हत्या त्याचा पिन कारखान्यातच ठरलेला, बहुधा ००००, असे. २००५ मध्ये यानिव शाकेद आणि अविशाय वूल या संशोधकांनी दाखवले की पेअरिंग चालू असताना ऐकणाऱ्याला चार आकडी पिन एका सेकंदाच्याही आत काढता येतो. २००७ च्या २.१ आवृत्तीने म्हणूनच पद्धत बदलली. दोन्ही पडद्यांवर सहा आकडी संख्या सारखी आहे का एवढेच आता विचारले जाते, आणि पडदा नसलेला माउस तर काहीच न विचारता जोडला जातो.

किल्लीची नोंद दोन्ही बाजूंना असते, ही साधी बाब कितीतरी अडचणी उलगडते. लॅपटॉपची प्रणाली नव्याने टाकली की त्याची नोंद पुसली जाते, पण हेडफोनला अजून जुनी किल्ली आठवत असते. हेडफोन रीसेट केला तर नेमके उलटे होते. दोघांचा मेळ बसत नाही आणि पडद्यावर “जोडता आले नाही” एवढेच दिसते. दोन्ही बाजूंची जुनी नोंद काढून मग नव्याने पेअरिंग करणे हा त्यावरचा खरा उपाय आहे, आणि एकाच बाजूची नोंद काढून थांबल्यामुळे तो अनेकदा फसतो. एकाच लॅपटॉपवर दोन कार्यप्रणाली असतील तर हीच गोष्ट रोज घडते: दोन्ही प्रणाली बाहेरून एकाच पत्त्याने दिसतात, किल्ल्या मात्र वेगळ्या करतात, आणि एकीकडे माउस जोडला की दुसरीकडचा तुटतो.

लॅपटॉपच्या कार्यप्रणालींनी ब्लूटूथ उशिराच आपलेसे केले. मॅक ओएस एक्सच्या २००२ च्या आवृत्तीत ते आले. विंडोज एक्सपी २००१ मध्ये त्याविना बाजारात आली आणि २००४ च्या दुसऱ्या सर्व्हिस पॅकनंतरच (सुधारणांच्या संचानंतरच) ते तिचा नेहमीचा भाग झाले. मधल्या काळात प्रत्येक अडॅप्टरबरोबर निर्मात्याचे स्वतःचे सॉफ्टवेअर येई. ब्लूटूथ बेभरवशाचे आहे ही जी समजूत रुजली, तिला त्या वर्षांचा मोठा हातभार आहे असे मला वाटते.

माउस आणि कीबोर्डच्या निर्मात्यांनी तेव्हा वेगळी वाट काढली. कारखान्यातच जोडी लावून दिलेला स्वतःचा यूएसबी रिसीव्हर दिला की पेअरिंगचा प्रश्नच उरत नाही. लॉजिटेकने २००९ मध्ये एका रिसीव्हरवर सहा उपकरणे चालवण्याची सोय आणली. हे रिसीव्हरही २.४ गिगाहर्ट्झवरच चालतात, आणि त्यांची खोड एका अनपेक्षित ठिकाणाहून आली. २००८ मध्ये यूएसबी ३.० चे मानक प्रसिद्ध झाले. त्याच्या सेकंदाला ५ गिगाबिटच्या वेगामुळे पोर्ट, जोडणीचे तोंड आणि तार यांतून जो विद्युत गोंगाट बाहेर पडतो, तो २.४ ते २.५ गिगाहर्ट्झच्या भागातही पसरतो. इंटेलने २०१२ मध्ये मोजमापांसह हे प्रसिद्ध केले. बाहेरची हार्ड डिस्क लावताच शेजारच्या पोर्टमधला माउस अडखळू लागतो तो यामुळे. माउसमध्ये बिघाड नसतो. रिसीव्हर लॅपटॉपच्या दुसऱ्या बाजूला नेला किंवा हातभर लांबीच्या एक्स्टेन्शन केबलवर लावला की बहुधा भागते. अशा काही रिसीव्हरांतली सुरक्षिततेची त्रुटी २०१६ मध्ये माउसजॅक या नावाने उघड झाली, तेव्हापासून त्यांचे फर्मवेअर (उपकरणाच्या आतले सॉफ्टवेअर) अद्ययावत ठेवणे हेही जोडणीच्या कामाचा भाग झाले आहे.

लॅपटॉपच्या आत वाय-फाय आणि ब्लूटूथ बहुधा एकाच लहान कार्डावर असतात आणि अँटेनाही वाटून घेतात. एकमेकांवर कुरघोडी होऊ नये म्हणून २००३ च्या १.२ आवृत्तीपासून ब्लूटूथ गजबजलेले चॅनेल टाळून उड्या मारते. परंतु कार्ड एक असले तरी वाय-फायचा भाग संगणकाशी पीसीआय एक्स्प्रेस या आतल्या वेगवान जोडणीने आणि ब्लूटूथचा भाग सामान्यतः आतल्या यूएसबीने जोडलेला असतो. इंटरनेट व्यवस्थित चालू आहे आणि ब्लूटूथचे बटणच दिसेनासे झाले, हा अनेकांना कोड्यात टाकणारा प्रकार यातून होतो: वीज वाचवण्यासाठी झोपवलेला यूएसबीचा तो भाग पुन्हा उठलेलाच नसतो. २०१२ च्या विंडोज ८ पासून ‘शट डाउन’ केल्यावर प्रणालीचा गाभा साठवून ठेवला जातो आणि पुढच्या वेळी तोच परत आणला जातो, त्यामुळे अडकलेला ड्रायव्हरही (उपकरण चालवणारे सॉफ्टवेअर) तसाच परत येऊ शकतो. रीस्टार्टमध्ये तो नव्याने सुरू होतो, पण कार्डाची वीज तुटेलच असे नाही. शिफ्टची कळ दाबून शट डाउन केले तर गाभा साठवला जात नाही, आणि लॅपटॉप मिनिटभर चार्जरविना बंद ठेवला तर कार्डही पुष्कळदा शुद्धीवर येते.

शेवटी आवाजाविषयी. मोबाइलच्या हेडसेटसाठी बेतलेल्या पद्धतीत आवाज दोन्ही दिशांनी जात असे, पण टेलिफोनइतक्याच दर्जाचा, सेकंदाला ८००० नमुन्यांचा. संगीतासाठी नंतर वेगळी पद्धत आली. तिच्यात दर्जा चांगला आहे, पण ती एकाच दिशेची आहे, मायक्रोफोनला तिथे जागा नाही. लॅपटॉपवर बैठक सुरू होऊन हेडफोनचा मायक्रोफोन उघडला की यंत्रणेला पहिल्या पद्धतीवर उतरावे लागते, आणि स्वच्छ ऐकू येणारा आवाज एकदम बोळकांडीतून आल्यासारखा वाटतो. नमुन्यांचा दर पुढे १६,००० झाला, तरी फरक कानाला जाणवतोच. ऐकण्यासाठी हेडफोन आणि बोलण्यासाठी लॅपटॉपचा स्वतःचा मायक्रोफोन निवडला, तर चांगला आवाज टिकतो. दोन्ही एकत्र देणारी एलई ऑडिओ ही पद्धत जानेवारी २०२० मध्ये ५.२ आवृत्तीबरोबर जाहीर झाली, मात्र ती त्या आवृत्तीचा ऐच्छिक भाग आहे. लॅपटॉपच्या माहितीपत्रकात ब्लूटूथ ५.२ किंवा ५.३ लिहिलेले असले तरी एलई ऑडिओचा वेगळा उल्लेख आहे का, हे पाहावे लागते, आणि तो हेडफोनच्या बाजूलाही असावा लागतो.