पेशीय ताण व आतड्याचा दाहविकार

पेशीतील प्रथिननिर्मितीचा भार तिच्या क्षमतेबाहेर गेला की उद्भवणारी बिघाडाची स्थिती आणि तिला पेशीने दिलेले उत्तर, या दोहोंस मिळून येथे पेशीय ताण म्हटले आहे. क्रोन विकार आणि व्रणी बृहदांत्रशोथ (अल्सरेटिव्ह कोलायटिस) या आतड्याच्या दोन दीर्घकालीन दाहविकारांच्या संदर्भात २००८ पासून त्याला विशेष महत्त्व आले. मराठीत ‘ताण’ म्हटले की आधी मनाचाच ताण डोळ्यांपुढे येतो. येथे तो अभिप्रेत नाही.

आतड्याच्या अस्तरातील बहुतेक पेशी ३ ते ५ दिवसांत बदलतात. त्यांतील गॉब्लेट पेशी श्लेष्म व पॅनेथ पेशी जंतुनाशक प्रथिने स्रवतात. ही प्रथिने आंतर्द्रव्यजालिकेत (पेशीच्या आतील पटलांच्या जाळ्यात; एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलम) घडी घालून तयार होतात. घडी चुकलेली प्रथिने तेथे साचू लागली की आयआरई-१, पर्क व एटीएफ-६ हे तीन संवेदक जागे होतात. आयआरई-१ हा एक्सबीपी-१ या जनुकाच्या संदेशवाहक आरएनएतून २६ न्यूक्लिओटाइडे (आरएनएचे घटक) छाटतो. त्यातून बनणारे प्रथिन जालिकेची क्षमता वाढवणाऱ्या जनुकांना चालना देते. एवढ्यानेही भागले नाही तर पेशी मरते. काझर, ब्लमबर्ग या संशोधकांनी व सहकाऱ्यांनी २००८ मध्ये उंदरांच्या आतड्याच्या अस्तरातून एक्सबीपी-१ काढून टाकले, तेव्हा पॅनेथ पेशी नष्ट झाल्या व लहान आतड्यात आपोआप दाह सुरू झाला. त्याच वर्षी श्लेष्माच्या म्यूक-२ प्रथिनात उत्परिवर्तन असलेल्या उंदरांत मोठ्या आतड्याचा दाह नोंदवला गेला.

खरा वाद क्रमाचा आहे: आधी ताण की आधी दाह? दाहातील रासायनिक संदेश व मुक्त मूलकेही (फ्री रॅडिकल्स) जालिकेवर भार टाकतात. त्यामुळे रुग्णाच्या ऊतीत ताणाच्या खुणा दिसल्या एवढ्यावरून त्याला मूळ कारण ठरवता येत नाही. वरील प्रयोगांत मात्र बिघाड पेशीतच केलेला होता व दाह मागाहून आला. २०१३ चा प्रयोग याहून बोलका ठरला. स्वयंभक्षणाचे (पेशीने आपलेच टाकाऊ घटक पचवण्याचे) एटीजी-१६-एल-१ हे जनुक आणि एक्सबीपी-१ ही दोन्ही उंदरांच्या अस्तरातून एकत्र काढल्यावर दाह आतड्याच्या भिंतीच्या आरपार पसरला, क्रोन विकारात पसरतो तसा. मानवातही याच जनुकाचा एक प्रकार क्रोन विकाराचा धोका वाढवतो, हे २००७ पासून ज्ञात आहे. तरीही ताण हे एकमेव कारण नसून आनुवंशिकता व आतड्यातील जंतू यांच्या जोडीने काम करणारा घटक होय, हे मत अधिक ग्राह्य वाटते. पॅनेथ पेशींवर आधारलेले स्पष्टीकरण लहान आतड्याच्या क्रोन विकारास जसे लागू पडते, तसे व्रणी बृहदांत्रशोथास पडत नाही. तेथे गॉब्लेट पेशी व विरळ झालेला श्लेष्माचा थर यांकडे पाहावे लागते.

ताण कमी करणारे टॉरोउर्सोडिऑक्सिकोलिक आम्ल उंदरांत उपयोगी ठरले आहे. प्रत्यक्ष उपचार मात्र मेसालामाइन, स्टेरॉइडे, अझाथायोप्रिन व जैविक औषधे यांसारख्या औषधांवरच आधारलेले आहेत.

 आयुर्वेदातील चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात वर्णिलेल्या ग्रहणी या पचनाच्या रोगाशी या विकारांची तुलना होते. लक्षणांचे साम्य असले तरी दोन्ही एकच मानणे सयुक्तिक नाही. मिसळ खाऊन त्रास वाढू शकतो, पण त्यावरून मिसळीने रोग होतो असे ठरत नाही. ‘आव पडते’ अशी तक्रार घेऊन येणाऱ्या रुग्णात आधी जंतुसंसर्ग वगळावा लागतो. क्रोन विकारात तर क्षयही, कारण दोहोंचे नेहमीचे ठिकाण लहान आतड्याचा शेवटचा भाग हेच, व कणार्बुदे (ग्रॅन्युलोमा) दोहोंतही आढळतात. क्षय लक्षात न येता स्टेरॉइड सुरू झाले तर तो बळावतो. चीजसारखा ऊतिनाश दिसल्यास पारडे क्षयाकडे झुकते. पेशीय ताणाच्या खुणा या भेदासाठी नित्य व्यवहारात वापरल्या जात नाहीत.