५० अधिक १ नियम

जर्मनीतील व्यावसायिक फुटबॉल क्लबांच्या मालकीला मर्यादा घालणारा नियम. क्लबचा व्यावसायिक संघ कंपनी स्थापून चालवला, तरी त्या कंपनीतील निम्मी मते आणि वर आणखी एक मत मूळ संस्थेकडे, म्हणजे तिच्या सभासदांकडे, राहिलेच पाहिजे, असे हा नियम सांगतो. बाहेरच्याने भांडवल किती घालावे, याला त्याची हरकत नाही. निर्णयाचा हक्क मात्र विकता येत नाही. नियम मोडणाऱ्या क्लबला बुंडेसलीगा या जर्मनीच्या राष्ट्रीय लीगच्या पहिल्या वा दुसऱ्या श्रेणीत खेळण्याचा परवाना मिळत नाही.

१९९८ पर्यंत जर्मनीत या नियमाची गरजच नव्हती. तेथील क्लब ही ‘फेराइन’, म्हणजे नोंदणीकृत, नफा न वाटणारी संस्था असे. वर्गणी भरणारा सभासद होई, सर्वसाधारण सभेत उभा राहून पदाधिकाऱ्यांना जाब विचारी आणि हात वर करून अध्यक्ष निवडी. आपल्याकडील सहकारी संस्थेचा सभासद ही रचना लगेच ओळखेल: भाग कितीही असोत, मत एकच. १९९० च्या दशकात दूरचित्रवाणीचा पैसा वाढला, खेळाडूंचे भाव चढले आणि क्लबांना भांडवल हवेसे झाले. २४ ऑक्टोबर १९९८ रोजी जर्मन फुटबॉल महासंघाने व्यावसायिक संघ कंपनीकडे वर्ग करण्यास परवानगी दिली, आणि त्याच ठरावात बहुमत सभासदांकडे ठेवण्याची अट घातली. म्हणजे हा नियम बाजाराला दार उघडतानाच बसवलेली कडी आहे.

कंपनीचे स्वरूप क्लबनुसार बदलते. बायर्न म्युनिकच्या कंपनीत मूळ संस्थेचा हिस्सा ७५ टक्के असून उरलेला आदिदास, आउडी आणि आलियान्झ यांच्यात समान वाटलेला आहे. बोरुसिया डॉर्टमुंड २००० साली शेअर बाजारात उतरला. त्याच्या भांडवलाचा फार थोडा भाग मूळ संस्थेकडे उरला आहे, पण कंपनीचा कारभार पाहणारी व्यवस्थापन कंपनी पूर्णपणे संस्थेच्या मालकीची असल्याने लगाम तिच्याच हाती आहे. शाल्क आणि फ्रायबुर्ग यांनी कंपनी काढलीच नाही. ते आजही निव्वळ फेराइन आहेत.

या नियमामागची धास्ती समजून घ्यायची, तर शेजारी देशांत काय घडले ते पाहावे लागते. पैसेवाला माणूस आला म्हणून चाहते घाबरतात, हे अर्धेच खरे आहे. २०२१ मध्ये सौदी अरेबियाच्या सार्वजनिक गुंतवणूक निधीने न्यूकॅसल युनायटेड घेतला, तेव्हा मैदानाबाहेर जमून चाहत्यांनी जल्लोष केला होता. भीती असते ती आपल्याला न विचारता नाव, रंग, मैदान, तिकिटाचा दर बदलला जाण्याची आणि क्लबच्या डोक्यावर कर्ज चढण्याची. २००५ मध्ये ग्लेझर कुटुंबाने मँचेस्टर युनायटेड घेतला तो मोठ्या प्रमाणात उसनवारीवर, आणि त्या कर्जाचा भार क्लबवरच आला. चिडलेल्या काही चाहत्यांनी त्याच वर्षी स्वतःचा वेगळा क्लब काढला. कार्डिफ सिटीचा पिढ्यान्‌पिढ्यांचा निळा सदरा मालकाने २०१२ मध्ये लाल केला. तो परत निळा व्हायला २०१५ उजाडले. ऑस्ट्रियात रेड बुल कंपनीने २००५ मध्ये साल्झबुर्गचा क्लब घेऊन त्याचा जांभळा-पांढरा रंगच काढून टाकला.

मराठी वाचकाला सर्वांत जवळचे उदाहरण ब्लॅकबर्न रोव्हर्सचे. पुण्याच्या वेंकीज उद्योगसमूहाने नोव्हेंबर २०१० मध्ये हा इंग्लिश क्लब विकत घेतला. महिनाभरातच प्रशिक्षक सॅम अॅलर्डाइस यांना काढण्यात आले. २०१२ मध्ये संघ प्रीमियर लीगमधून खाली घसरला आणि २०१७ मध्ये थेट तिसऱ्या श्रेणीत गेला. २०१२ ची घसरण ज्या सामन्यात पक्की झाली, त्यात चाहत्यांनी निषेध म्हणून मैदानावर कोंबडी सोडली होती. मालकांनी पैसा घातला नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. वर्षानुवर्षांचा तोटा त्यांनीच भरून काढला आहे. चाहत्यांचे दुखणे वेगळे होते. निर्णय हजारो मैलांवर होत होते आणि ते कोणाला विचारायचे, हेच त्यांना कळत नव्हते. याच क्लबने १९९५ चे विजेतेपद मिळवले तेही जॅक वॉकर या एकाच धनिकाच्या पैशावर. पण वॉकर ब्लॅकबर्नमध्येच जन्मलेले, गावचे माणूस होते. जर्मन चाहता म्हणेल की चांगला मालक मिळणे हे नशीब झाले, आणि क्लब नशिबावर सोडायचा नसतो. मला हे म्हणणे पटते.

नियमाला अपवाद आहेत आणि वादाची मुळे तिथेच आहेत. लेवरकुसेनचा क्लब १९०४ मध्ये बायर कंपनीच्या कामगारांनी स्थापला, तर वोल्फ्सबुर्ग हे फोक्सवागनच्या कारखान्याभोवती वसलेले शहर. वीस वर्षांहून अधिक काळ क्लबला भरीव आधार देणाऱ्याला बहुमत घेता येईल, अशी सवलत या दोघांसाठी निघाली. पुढे २०१५ मध्ये ती ‘सॅप’ या सॉफ्टवेअर कंपनीचे एक संस्थापक डीटमार हॉप यांना होफेनहाइमसाठी मिळाली. त्यांना होणाऱ्या विरोधाने काही वेळा पातळी सोडली. २९ फेब्रुवारी २०२० रोजी त्यांना शिवीगाळ करणारे फलक झळकल्यावर होफेनहाइम आणि बायर्नच्या खेळाडूंनी शेवटची तेरा मिनिटे एकमेकांकडे नुसता चेंडू ढकलत काढली. २०२३ मध्ये हॉप यांनी आपले मताधिक्य आपणहून संस्थेला परत केले.

लाइपत्सिगचे प्रकरण यापेक्षा गंभीर आहे, कारण तिथे अपवाद मागावाच लागला नाही. २००९ मध्ये रेड बुलने मार्क्रानश्टेट या छोट्या गावच्या क्लबची पाचव्या श्रेणीतील जागा घेतली. कंपनीचे नाव लावता येत नव्हते, म्हणून ‘रासेनबालश्पोर्ट’, म्हणजे हिरवळीवरचा चेंडूचा खेळ, असे नाव घडवून ‘आरबी’ ही अक्षरे तेवढी राखली. संस्था आहे, सभासदही आहेत, पण मतदानाचा हक्क असलेले मूठभर आणि कंपनीशी जवळीक असलेले. अक्षर पाळले, अर्थ सोडला. २०१६ मध्ये संघ पहिल्या श्रेणीत पोहोचला, आणि अनेक क्लबांच्या पाठीराख्यांनी त्याच्याशी होणाऱ्या बाहेरच्या सामन्यांवर बहिष्कार टाकला.

नियम असूनही पैशाचा दाब जाणवतोच. ‘१८६० म्युनिक’ या क्लबमध्ये जॉर्डनचे हसन इस्माइक २०११ पासून गुंतवणूकदार आहेत. भांडवल त्यांचे जास्त, मते संस्थेची जास्त, त्यामुळे दोघांत सतत ओढाताण. २०१७ मध्ये तिसऱ्या श्रेणीच्या परवान्यासाठी लागणारा पैसा न आल्याने क्लब चौथ्या श्रेणीत फेकला गेला. बर्लिनच्या हेर्टा क्लबमध्ये २०१९ पासून लार्स विंडहॉर्स्ट यांनी ३७.४ कोटी युरो ओतले. २०२३ मध्ये संघ दुसऱ्या श्रेणीत होता.

मार्च २०१८ मध्ये लीगच्या सभेत नियम ठेवावा की नाही यावर मतदान झाले आणि ३४ पैकी १८ क्लबांनी तो राखला. खरी कसोटी पुढे आली. ११ डिसेंबर २०२३ रोजी लीगने प्रक्षेपण हक्कांच्या उत्पन्नातील ८ टक्क्यांपर्यंतचा वाटा वीस वर्षांसाठी, सुमारे एक अब्ज युरोंना, खासगी गुंतवणूकदाराला देण्याचा ठराव ३६ पैकी २४ मतांनी मंजूर केला. दोन तृतीयांश बहुमतासाठी नेमकी तेवढीच मते लागत होती. ‘हानोफर ९६’ या क्लबच्या मूळ संस्थेने आपले प्रतिनिधी मार्टिन किंड यांना विरोधात मत देण्याचा आदेश दिला होता, पण मतदान गुप्त होते आणि किंड यांनी आपले मत उघड केले नाही. सभासदांचा आदेशच डावलला गेला असेल, तर नियमाला अर्थ काय, हा प्रश्न स्टँडमध्ये पेटला. आठवड्यामागून आठवडे टेनिसचे चेंडू आणि चॉकलेटची नाणी मैदानावर पडत राहिली, रिमोटवरच्या खेळण्यातल्या गाड्या गवतावरून धावल्या, सामने थांबले. २१ फेब्रुवारी २०२४ रोजी लीगने व्यवहार सोडून दिला.

या नियमामुळे जर्मन क्लब युरोपात मागे पडतात आणि जुन्या बलाढ्यांचे वर्चस्व पक्के होते, असा आक्षेप घेतला जातो. बायर्नने २०१३ ते २०२३ सलग अकरा विजेतेपदे घेतली, आणि ही मालिका मोडली ती लेवरकुसेनने, म्हणजे सवलत मिळालेल्या क्लबने. आक्षेपात तथ्य आहे. पण डॉर्टमुंडच्या दक्षिण स्टँडमध्ये सुमारे २५ हजार लोक परवडणाऱ्या तिकिटात उभे राहून सामना पाहतात, हेही याच रचनेचे फळ आहे.

जर्मन स्पर्धा आयोगाने, म्हणजे बाजारातील मक्तेदारीवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी यंत्रणेने, जून २०२५ मध्ये नियमाच्या तत्त्वाला मान्यता दिली, मात्र तो सर्वांना सारखा लावा, असे लीगला सुनावले. लेवरकुसेन आणि वोल्फ्सबुर्गची सवलत कायम ठेवता येणार नाही, आणि मताधिकारासह सभासदत्व प्रत्येक क्लबमध्ये चाहत्यांना खुले असले पाहिजे, असे आयोगाचे म्हणणे आहे.