चिंचोका, स्टार्च आणि ‘गम’: छपाईच्या खळीची पार्श्वभूमी

कापडछपाईच्या कलर किचनमध्ये (रंगाची पेस्ट तयार करायच्या जागेत) ‘गम’ हा शब्द कधीच एका वस्तूसाठी वापरला गेला नाही. धावड्याचा डिंक तो गम, कांडोळाचा डिंक तोही गम. गवारीच्या बियांची पूड गम, चिंचोक्याची पूड गम आणि भाजून तपकिरी केलेला मक्याचा स्टार्चसुद्धा गमच. स्टोअरमधून पोतं आलं की पाटी वाचून आत काय आहे ते कळेलच असं नाही. स्टार्चवर आधारलेला थिकनर (रंगाची पेस्ट दाट करणारा पदार्थ) कसा निवडावा आणि कसा तपासावा यावर जे वाद झाले, त्यातले बरेचसे या नावांच्या गुंत्यातून आले, असं माझं मत आहे.

जुना काळ थोडक्यात सांगतो. राजस्थानातल्या बगरूच्या ठशांवर आणि कच्छच्या अजरख छपाईमध्ये काळा रंग लोखंड आणि गूळ आंबवून करतात आणि त्याला दाटपणा चिंचोक्याच्या पुडीने येतो. आपल्याकडे घोंगडीला चिंचोक्याची खळ देतात, ती याच वस्तूची. हे ज्ञान कागदावर नव्हतं, हातात होतं, आणि खळ किती शिजली हे पळीतून पडणाऱ्या धारेवरून ठरत होतं.

यंत्रावरच्या छपाईत पहिला मोठा बदल भाजलेल्या स्टार्चने घडवला. 1821 साली डब्लिनच्या एका कापडगिरणीला आग लागली, तिथला स्टार्च भाजला गेला आणि तो पाण्यात सहज विरघळून चिकट होतो हे कुणाच्या तरी लक्षात आलं, अशी हकीकत या धंद्यात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. या मालाला ‘ब्रिटिश गम’ हे नाव पडलं. खरं तर तो डिंक नाहीच. कोरड्या उष्णतेने स्टार्चच्या लांब साखळ्या तुटतात, काही नव्या फांद्या जोडल्या जातात आणि तयार होतं ते डेक्स्ट्रिन. डेक्स्ट्रिन हे नावही 1833 पासून रूढ आहे, कारण त्याचं द्रावण प्रकाशाला उजवीकडे वळवतं. तरी छपाईवाल्यांनी गम हेच नाव धरून ठेवलं, आणि मुंबई-अहमदाबादच्या गिरण्यांत तेच रुळलं.

त्यामागे कामाचं कारण होतं. कच्च्या स्टार्चची खळ 10 टक्क्यांच्या आसपासच हवी तेवढी दाट होते. सुकल्यावर तिचा थर पातळ राहतो, रंग कापडाच्या वरच्या अंगाला थांबतो आणि गडद दिसतो. पण कोरलेल्या तांब्याच्या रोलरच्या बारीक रेषांत ती अडकून बसते, धुताना चिवटपणा करते आणि तीव्र अल्कली पडली की तिचा गोळा होतो. ब्रिटिश गम पातळ असतो. तेवढाच दाटपणा यायला तो कितीतरी जास्त घालावा लागतो, त्यामुळे रंग फिका पडतो. पण रेष स्वच्छ येते, मोठे सपाट भाग एकसारखे भरतात आणि व्हॅट रंगांच्या (अल्कलीत विरघळवून लावायच्या रंगांच्या) पेस्टमधलं पोटॅशियम कार्बोनेट त्याला सोसतं. म्हणून अनुभवी माणूस दोन्ही मिसळायचा, किंवा स्टार्चमध्ये ट्रॅगकांथ हा डिंक शिजवून घालायचा. एकच थिकनर सगळ्या कामाला चालत नाही हे तेव्हा सगळ्यांना माहीत होतं. पुढे ते विसरलं गेलं.

चिंचोक्याचा गिरणीप्रवेश दुसऱ्या महायुद्धातला. धान्याची टंचाई होती आणि खाण्याजोगा स्टार्च कापडाला लावणं परवडणारं नव्हतं. 1943 च्या सुमारास चिंचोक्याची पूड व्यापारी प्रमाणावर होऊ लागली, आधी ताण्याच्या सायझिंगसाठी (विणण्याआधी सुतावर खळ चढवण्यासाठी), मग छपाईसाठी. चिंचोके भाजायचे, वरचं तपकिरी साल काढायचं आणि आतला पांढरा गर दळायचा. साल नीट निघालं नाही तर त्यातलं टॅनिन कापडावर डाग पाडतं. गरात प्रथिनं आणि तेलही बरंच असतं, म्हणून शिजवलेली खळ उन्हाळ्यात दुसऱ्याच दिवशी वास मारते. तरी हा माल देशातला, स्वस्त आणि कमी वजनात जास्त दाटपणा देणारा होता. आजही बार्शीच्या बाजारात चिंचेबरोबर चिंचोक्याचा सौदा होतो.

इथून खरा घोळ सुरू झाला. बाजारात या पुडीला कुणी ‘चिंचोका स्टार्च’ म्हणे, कुणी ‘चिंचोका गम’. रसायनशास्त्राच्या हिशेबाने ती दोन्ही नाही. तिच्यातला मुख्य घटक झायलोग्लुकन. स्टार्चसारखी ग्लुकोजची साखळी आहे, पण जोड वेगळ्या धाटणीचे, सेल्युलोजसारखे, आणि कडेला झायलोज व गॅलॅक्टोजच्या फांद्या. मात्र आयोडीनचा थेंब टाकला तर हा पदार्थही निळसर होतो. एकोणिसाव्या शतकातल्या वनस्पतिशास्त्रज्ञांनी याच निळ्या रंगावरून अशा पदार्थांना ‘स्टार्चसारखे’ या अर्थाचं नाव दिलं होतं. म्हणजे आयोडीनला विचारलं तर चिंचोका स्टार्च ठरतो. उलट ब्रिटिश गम हा खराखुरा स्टार्चचा मुलगा, पण जास्त भाजलेला असेल तर आयोडीनने फक्त लालसर-तपकिरी होतो. डिसाइझिंगनंतर, म्हणजे ही सायझिंगची खळ काढून टाकल्यावर, कापडावर स्टार्च उरलाय का हे पाहण्यासाठी ही चाचणी उत्तम आहे. पोत्यात कोणता थिकनर आहे हे ठरवायला ती लावली की माणूस फसतो.

1956 साली रिॲक्टिव्ह रंग बाजारात आले आणि नावांचा घोळ महागात पडू लागला. हे रंग सुती धाग्याच्या सेल्युलोजशी थेट रासायनिक बंध बांधतात. पेस्टमध्ये स्टार्च असेल तर त्याच्याशीही बांधतात, कारण रंग ज्यांना धरतो ते हायड्रॉक्सिल गट (ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्या) स्टार्चमध्येही भरपूर. स्टार्चला चिकटलेला रंग धुताना वाहून जातो, आणि जो जात नाही तो खळीलाच कापडाशी बांधून टाकतो. ताका पुठ्ठ्यासारखा कडक होतो आणि किती साबणात उकळला तरी मऊ पडत नाही. सोडियम अल्जिनेटमध्ये मात्र साखरेच्या प्रत्येक घटकावर कार्बॉक्सिल गट असतो. त्याचा ऋण विद्युतभार ऋण भाराच्याच रंगाला दूर लोटतो आणि सर्वांत क्रियाशील असा प्राथमिक हायड्रॉक्सिल तिथे नसतोच. समुद्री शेवाळाचा हा पदार्थ रिॲक्टिव्हसाठी योग्य होता यात वाद नाही.

वाद झाला तो पुढच्या निर्णयावर. ‘रिॲक्टिव्हला स्टार्च नको’ या बरोबर वाक्याचा अनेक ठिकाणी ‘कलर किचनमध्ये स्टार्च नको’ असा अर्थ लावला गेला. अल्जिनेटचा चांगला माल बहुतांशी आयातीचा, आणि त्या काळात आयात परवान्यावर चाले. तमिळनाडूच्या किनाऱ्यावरच्या शेवाळापासून देशी अल्जिनेट होत होतं, पण त्याचा दाटपणा कमी पडायचा. मग जो तो पर्याय शोधू लागला आणि नावाने फसला. ‘हा स्टार्च नाही, गम आहे’ या भरवशावर साधी गवारीची पूड किंवा चिंचोक्याची पूड रिॲक्टिव्ह पेस्टमध्ये पडली. दोन्हींत मोकळे हायड्रॉक्सिल आहेतच, तेव्हा कापड तसंच कडक झालं. दोष रंगाला दिला गेला, कधी स्टीमरला, कधी पाण्याच्या कठीणपणाला.

उलट बाजूची चूकही तेवढीच मोठी. स्टार्चवर ऋण भाराचे कार्बॉक्सिमिथाइल गट पुरेसे बसवले तर तोही रंगाला दूर लोटू लागतो. ग्लुकोजच्या प्रत्येक घटकात बदलता येण्याजोगे हायड्रॉक्सिल तीन असतात. त्यातले सरासरी किती झाकले गेले यावर सगळं अवलंबून. थोडाच बदल केलेला माल रिॲक्टिव्हला निरुपयोगी, भरपूर बदल केलेला अल्जिनेटच्या जवळ जाणारा. दोन्हींच्या पोत्यावर नाव एकच: ‘मॉडिफाइड स्टार्च’. पोत्यावर बदलाचं प्रमाण छापलेलं नसेल तर ते पुरवठादाराला विचारायचं असतं. पण स्टार्च हा शब्द पाहूनच पोतं परत पाठवणारे लोक मी पाहिले आहेत. हा नकार स्वस्त, देशी आणि सहज शिजणाऱ्या मालाला विनाकारण महागात पडला, असं मला आजही वाटतं.

तपासणीच्या पद्धतीतही हाच प्रश्न डोकावतो. दोन थिकनरची तुलना समान वजनाने करायची की समान दाटपणाने? बराच काळ 5 टक्के विरुद्ध 5 टक्के अशी तुलना झाली. तिला अर्थ नाही, कारण अल्जिनेटचे 3 टक्के आणि ब्रिटिश गमचे 30 टक्के स्क्वीजीखाली (जाळीतून पेस्ट दाबणाऱ्या पट्टीखाली) सारखेच वागू शकतात. आधी दोन्ही पेस्ट एका दाटपणाला आणायच्या आणि मग छापायचं, हेच न्याय्य. दाटपणाही एका आकड्यात मावत नाही. व्हिस्कोमीटर (दाटपणा मोजणारं यंत्र) हळू फिरवल्यावर आणि जोरात फिरवल्यावर येणाऱ्या आकड्यांतला फरक सांगतो की पेस्ट दाबाखाली किती पातळ होईल. 1960 च्या दशकात रोटरी स्क्रीन (छापणारी गोल फिरती जाळी) आल्यावर हा फरक निर्णायक झाला. शिजवलेल्या मक्याच्या स्टार्चची खळ जाळीतून तुटक जाते. अल्जिनेट सलग वाहतो.

रात्रभर ठेवण्याची चाचणी जुनीच, पण तिला पर्याय नाही. मक्याच्या स्टार्चमध्ये सुमारे पाव भाग अमायलोज (स्टार्चचा सरळ साखळीचा भाग) असतो. थंड झाल्यावर तो पुन्हा घट्ट बांधला जातो, पाणी सुटतं आणि सकाळी भांड्यात दह्यासारखा गोळा सापडतो. मेणचट (वॅक्सी) जातीच्या मक्यात अमायलोज जवळजवळ नसतं, म्हणून त्याची खळ टिकते. ही परीक्षा नुसत्या खळीवर घेऊन उपयोग नाही. युरिया आणि सोडा घातलेल्या पेस्टवरच घ्यायची. शेवटी छापलेला तुकडा 102 अंशाला सात-आठ मिनिटं वाफवायचा, थंड, गरम, साबणाच्या उकळत्या आणि पुन्हा थंड पाण्यात धुवायचा आणि वाळल्यावर मुठीत चुरगळून पाहायचा. रंगाची खोली मोजणारी यंत्रं नंतर आली. कडकपणा हाताला आधीपासून कळत होता.

पॉलिएस्टरने चित्र पुन्हा बदललं. पॉलिएस्टरला लागणाऱ्या डिस्पर्स रंगांची हायड्रॉक्सिलशी प्रक्रिया होत नाही, तेव्हा स्टार्चवरचा मुख्य आक्षेपच गळून पडला. सुरतच्या साड्यांवर कार्बॉक्सिमिथाइल केलेला चिंचोका आणि बदललेली गवार जोमाने चालली. पिगमेंटच्या (कापडावर नुसत्या चिकटवायच्या रंगाच्या) छपाईत मात्र स्टार्चला जागा मिळाली नाही, कारण तिथे धुणं नसतं आणि खळ कापडातच राहते. तिथे आधी केरोसीनचं इमल्शन आणि नंतर ॲक्रिलिक थिकनर आले.

अलीकडे वाद सांडपाण्याकडे सरकला आहे. इचलकरंजीच्या प्रोसेसिंगमुळे पंचगंगेच्या प्रदूषणाची चर्चा निघते तेव्हा खळीचं नाव येतंच. धुतलेला स्टार्च जीवाणू चटकन खातात आणि त्यासाठी पाण्यातला प्राणवायू वापरतात, म्हणून बीओडी (जीवाणूंनी वापरलेल्या प्राणवायूचं माप) चढतो. ॲक्रिलिक थिकनरने तो आकडा कमी दिसतो, कारण जीवाणूंना ते खाताच येत नाही. ते सीओडीत (रसायनाने मोजलेल्या प्राणवायूच्या गरजेत) दिसतं. केवळ बीओडीच्या तक्त्यावरून स्टार्च पुन्हा यादीतून काढला जातो. शुद्धीकरणाच्या टाकीत सहज मोडणारा पदार्थ त्या तक्त्यात वाईट ठरतो आणि न मोडणारा चांगला.