काचेतला दोषच सेन्सर कसा झाला

समुद्रतळावरच्या केबलने भूकंप टिपला, तेलवाहिनीची गळती काचेच्या प्रकाशतंतूवरून कळली, अशा बातम्या आता अधूनमधून येतात. श्रेय बहुतेक वेळा लेझरला आणि संगणकाला मिळते. मला मात्र खरे काम काचेचे वाटते, आणि तेही जो तिचा दोष मानला गेला त्याच्या जोरावर झालेले. म्हणून थोडे मागे जाऊ या.

मिठाच्या किंवा हिऱ्याच्या स्फटिकात अणू ठरलेल्या रांगांत बसतात. वितळलेली काच निवताना तिच्या अणूंना रांगेत बसायला वेळच मिळत नाही. द्रव दाट होत जातो आणि पाण्याच्या दाटपणापुढे एकावर पंधरा शून्ये इतकी पट गाठली, की हालचाल व्यवहारात थांबते. १९३२ मध्ये विल्यम झकारियासेन यांनी या रचनेचे चित्र मांडले. शुद्ध सिलिकाच्या काचेत सिलिकॉनच्या प्रत्येक अणूभोवती ऑक्सिजनचे चार अणू असतात, अगदी स्फटिकासारखेच. पण या चौकड्या एकमेकींना जोडल्या जाताना कोन बदलत राहतात आणि जाळे स्वतःची पुनरावृत्ती कुठेच करत नाही. द्रव असा गोठतो कसा, याचा सर्वमान्य सिद्धांत अजून नाही. १९९५ मध्ये फिलिप अँडरसन यांनी घनपदार्थांच्या सिद्धांतातला बहुधा सर्वांत खोल न सुटलेला प्रश्न म्हणून याचाच उल्लेख केला होता. (जुन्या चर्चमधल्या काचा खाली जाड असतात, कारण काच हळूहळू वाहते, हा समज चुकीचा आहे. नेहमीच्या तापमानाला तसे वाहायला विश्वाचे वयही पुरणार नाही. त्या काचा बनतानाच असमान जाडीच्या असत.)

आपल्या विषयाला लागणारी गोष्ट पुढची आहे. द्रवात क्षणाक्षणाला कुठे दाटी होते, कुठे विरळपणा येतो. काच गोठते तेव्हा हे चढउतारही जागच्या जागी अडकतात. १९४६ मध्ये आर्थर टूल यांनी त्यासाठी ‘काल्पनिक तापमान’ ही कल्पना वापरात आणली. हातातली सिलिकाची काच थंडगार असली तरी तिची रचना हजाराहून अधिक अंशांवरच्या एखाद्या द्रवाची असते; त्या द्रवाचे तापमान म्हणजेच तिचे काल्पनिक तापमान. अशा चढउतारांवर प्रकाश विखुरतो, हे स्मोलुकोव्स्की आणि आइनस्टाइन यांनी १९०८ ते १९१० या काळात द्रव आणि वायूंसाठी दाखवले होते. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२७ मध्ये काचेसारख्या अस्फटिकी पदार्थांतून विखुरणाऱ्या प्रकाशावर लेख लिहिला. त्यांचा प्रसिद्ध शोध त्यानंतरच्या वर्षीचा, २८ फेब्रुवारी १९२८ चा.

दूरसंचारवाल्यांना हे विखुरणे नकोच होते. १९६६ मध्ये इंग्लंडमधल्या हार्लो येथे चार्ल्स काओ आणि जॉर्ज हॉकहॅम यांनी दाखवून दिले, की तंतूत प्रकाश विझतो तो मुख्यतः काचेतल्या अशुद्धींमुळे. त्या वेळी एका किलोमीटरला हजार डेसिबलच्या घरात घट होई. २० डेसिबलपर्यंत आली तरी काम होईल, म्हणजे किलोमीटरभरानंतर शंभरातला एक भाग प्रकाश उरला तरी पुरे, असे त्यांचे म्हणणे होते. १९७० मध्ये अमेरिकेतल्या कॉर्निंग या काच कंपनीच्या मॉरर, केक आणि शुल्त्झ यांनी ती मर्यादा ओलांडली. १९७९ पर्यंत जपानमध्ये ०.२ डेसिबलचा तंतू तयार झाला. त्यात किलोमीटरनंतर ९५ टक्के प्रकाश उरतो. लोह गेले, पाण्याचा अंश गेला. उरले ते गोठलेले चढउतार. ते शुद्धीकरणाने जात नाहीत, कारण ती अशुद्धी नव्हेच, ती काचच आहे. लांब तरंगलांबी घेतली तर विखुरणे खूप कमी होते, म्हणून तर १.५५ मायक्रोमीटरचा अवरक्त प्रकाश निवडला गेला.

१९७६ मध्ये बार्नोस्की आणि जेन्सन यांनी मागे परतणाऱ्या याच प्रकाशाचा उपयोग केला. एका मीटरमधून परत येतो तो एक कोटीव्या भागाहूनही कमी. पण प्रकाशाचा स्पंद सोडल्यापासून किती वेळाने आला हे मोजले, की अंतर कळते: मीटरमागे सुमारे दहा नॅनोसेकंद. हेतू साधा होता, तुटलेली जागा शोधणे. पुढे सुसंगत, म्हणजे लहरी एका तालात ठेवणारा, लेझर आला आणि लक्षात आले, की प्रत्येक तंतूच्या परतीच्या प्रकाशाचा नक्षीदार ठसा वेगळा असतो. तंतू जराही ताणला की ठसा सरकतो. ठसा टिकतो, कारण काच गोठलेली आहे. द्रवात तो क्षणात पुसला गेला असता.

परतीच्या प्रकाशात रंग बदललेला थोडा भागही असतो. १९८० च्या दशकात रामन विखुरणावरून तंतूच्या प्रत्येक टप्प्याचे तापमान वाचता येऊ लागले. ब्रिल्वाँ विखुरणात, म्हणजे काचेतल्या ध्वनिलहरींवरून होणाऱ्या विखुरणात, वारंवारता सुमारे ११ गिगाहर्ट्झने सरकते, आणि तापमान एका अंशाने वाढले की हा सरक सुमारे एक मेगाहर्ट्झने वाढतो. मला हा भाग सर्वांत आवडतो. बहुतेक घनपदार्थ तापले की मऊ पडतात, सिलिकाची काच मात्र काही प्रमाणात अधिक ताठ होते, आणि ताठ काचेत ध्वनी अधिक वेगाने जातो. या विक्षिप्तपणामुळेच सरक उलट न जाता वाढतो.

तंतूत ठरावीक अंतरांवर कोरलेली आणि एकाच रंगाचा प्रकाश परत पाठवणारी नक्षी म्हणजे ब्रॅग जाळी; तंतू ताणला किंवा तापला की तो रंग बदलतो, म्हणून तीही सेन्सर ठरते. या जाळ्यांचा शोध अनपेक्षित होता. १९७८ मध्ये कॅनडातल्या ऑटावात केन हिल आणि सहकाऱ्यांनी जर्मेनियम मिसळलेल्या तंतूत आर्गॉन लेझरचा प्रकाश सोडला, तर काही मिनिटांत तो अधिकाधिक परावर्तित होऊ लागला. प्रकाशाने काचेत स्वतःची नक्षी कोरली होती. काचेच्या जाळ्यातल्या दोषांमुळे ते शक्य झाले. यातले काही बदल अस्थिर असतात, म्हणून असे सेन्सर वापरण्यापूर्वी तापवून मुरवतात.

मार्च २०१८ मध्ये कॅलिफोर्नियाच्या मॉन्टेरे उपसागरातली एक केबल दुरुस्तीसाठी चार दिवस बंद होती. संशोधकांनी तिच्या २० किलोमीटरच्या तंतूला आपले उपकरण जोडले आणि त्याचे सुमारे दहा हजार सेन्सर झाले. ३.४ तीव्रतेचा एक भूकंप त्यात नोंदला गेला. समुद्रतळावरचे काही भ्रंश या नोंदीतूनच दिसले, आधीच्या नकाशांवर ते नव्हते.