डोंगर जाळल्याने गवत खरंच वाढतं का?

साताऱ्याकडे, विशेषतः जावळी-पाटणच्या डोंगरांत, एक समज पिढ्यान्‌पिढ्या चालत आलाय: ‘डोंगर जाळला की पावसाळ्यात गवत दाट येतं.’

हा समज डोळ्यांनी पाहिलेल्यावरच उभा आहे. जळालेल्या उतारावर हिरवे कोंब लवकर दिसतात, कारण त्यांना झाकणारं वाळकं गवत उरलेलं नसतं. राखेतून थोडं पोटॅशही मिळतं. पण गवतातला बराचसा नत्र धुरावाटे उडून गेलेला असतो आणि हलकी राख पहिल्या जोरदार सरीत उघड्या मातीसकट ओढ्याला लागते.

मोठा फरक पडतो तो गवताच्या जातीत. कुसळीचं बी पिळदार कुसळाच्या जोरावर मातीत शिरतं, म्हणून आगीतून वाचतं. इतर गवतांचं मातीवर पडलेलं बी जळतं. त्यामुळे वारंवार जळणाऱ्या डोंगरावर कुसळी माजते, आणि ती पिकली की गुरं तिला तोंड लावत नाहीत. करवंद, हिरड्याची रोपंही जातात. एखाद्या आगीतून डोंगर सावरतो, दरवर्षीच्या आगीत त्याला उसंतच मिळत नाही.

खात्री करायची तर जळालेल्या उताराशेजारचा, तशाच मातीचा न जळालेला तुकडा निवडा. दोन्हीकडे चराई बंद ठेवा. दिवाळीच्या सुमारास दोन्हीकडचं चौरस मीटरभर गवत कापून, वाळवून तोला. कुसळी वेगळी काढून. चार-पाच जागी, दोन-तीन वर्षं हे करावं लागेल. जूनमध्ये दोन्ही उतारांवरचं वाहतं पाणी बाटल्यांत भरून रात्रभर ठेवा आणि तळचा गाळ पाहा.

जुनं गवत हटवायला विळा पुरतो, आणि कापलेलं गवत गोठ्यात कामी येतं.